जागा सोन्याची, आराखडा बेगडी

स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज म्हणजे गोल्फची पंढरी. गावाबाहेर कड्यावर बटाट्याची शेतं होती. खाली उपसागर, पलीकडे गावाचे जुने मनोरे, डोक्यावर सतत वाहता वारा. तिथं नवा कोर्स करायचं काम मिळालं डेव्हिड मॅक्ले किड या स्कॉटिश डिझायनरला. अमेरिकेत ऑरेगनच्या किनाऱ्यावर १९९९ मध्ये त्यानं केलेला ‘बँडन ड्यून्स’ गाजत होता. त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. २००८ मध्ये ‘कॅसल कोर्स’ उघडला आणि खेळणाऱ्यांनी बोंब ठोकली.

तक्रार देखाव्याबद्दल नव्हती, तो अप्रतिमच आहे. फेअरवे म्हणजे चेंडू पडावा म्हणून राखलेला कापीव गवताचा पट्टा. इथं त्याच्या ऐन मध्यावर मातीचे उंचवटे रचले होते आणि त्यांवर राठ गवताचे झुबके वाढवले होते. म्हणजे सरळ, मधोमध मारलेला फटकाच गवतात गडप व्हायचा. ग्रीनवर, जिथं चेंडू हळुवार ढकलून खळग्यात घालायचा, तिथं इतके उतार-चढाव की वारा असला तर चेंडू एका जागी ठरायला तयार नाही. आणि तिथं वारा नसतो कधी? टॉम डोक या नामवंत अमेरिकी डिझायनरनं आपल्या कोर्स-परीक्षणाच्या पुस्तकात या कोर्सला दहापैकी शून्य गुण दिले. त्याच्या मापात शून्य म्हणजे नुसता वाईट नव्हे, तर बनवायलाच नको होता इतका कृत्रिम. पुढे बरेच उंचवटे काढावे लागले, काही ग्रीन सपाट करावी लागली.

नेमकं बिघडतं कुठं? समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्याला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. शेतीला निरुपयोगी, पण गोल्फला याहून चांगली जमीन नाही. वाळूतून पाणी लगेच झिरपतं, वर बारीक चिवट गवत येतं, जमीन टणक राहते आणि चेंडू लांबवर घरंगळतो. चढउतार वाऱ्यानं आधीच करून ठेवलेले असतात. डिझायनरनं शोधायचं ते इतकंच, की कुठून मारायचं, कुठं थांबायचं आणि अठरा होल, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतचे टप्पे, एकमेकांना कसे जोडायचे. या वाट आखण्यावरच सगळा खेळ उभा असतो. वाऱ्याच्या जागी फेअरवे ऐसपैस हवेत आणि ग्रीनचे उतार सौम्य हवेत, हा त्यातला साधा हिशेब.

अमेरिकेत नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांवर बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या डिझायनर जोडीनं हेच केलं. जमिनीत तयार असलेले शंभराहून अधिक होल त्यांनी हेरले, त्यांतले अठरा निवडले आणि माती जवळजवळ हलवलीच नाही. ‘सँड हिल्स’ १९९५ मध्ये खुला झाला आणि आजही जगातल्या उत्तम कोर्समध्ये गणला जातो.

मग किडसारखा जाणकार का घसरला? आपण अवघडपणाच्या मागे लागलो होतो, हे त्यानं पुढे मुलाखतींत मोकळेपणानं कबूल केलं. माझ्या मते हा या धंद्यातला जुनाच आजार आहे. काही केलेलं दिसलं नाही, तर मोबदला कशाचा घ्यायचा? गंमत अशी, की त्याच सुमारास, २००९ मध्ये, याच किडनं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘माक्रिहॅनिश ड्यून्स’ केला. जागा संरक्षित, त्यामुळे बुलडोझरला बंदी. २५९ एकरांपैकी जेमतेम सात एकर जमीन उकरली गेली. गवत राखायला मेंढ्या. काही होलमधलं अंतर पायपीट करायला लावतं, हे खरं. पण जागा जागेवर राहिली. त्याच माणसाचे हात नियमानं बांधले, तेव्हा काम सुधारलं!

उलट उदाहरण अ‍ॅबर्डीनच्या उत्तरेला मेनी इथलं. तिथल्या वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर सरकत असत. टेकड्या घडतात-मोडतात कशा, हे डोळ्यांदेखत दाखवणारा हा पट्टा शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून संरक्षित होता. डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीचा तिथं गोल्फ कोर्स करायचा प्रस्ताव २००७ मध्ये स्थानिक समितीनं फेटाळला. स्कॉटिश सरकारनं तो आपल्याकडे घेऊन चौकशीनंतर २००८ मध्ये मंजूर केला. मार्टिन हॉट्री यांनी आखलेला कोर्स २०१२ मध्ये उघडला, गोल्फरांना आवडलाही. पण सरकती वाळू आणि ठरलेला फेअरवे एकत्र नांदत नाहीत. वाळू थोपवायला गवत लावलं, टेकड्या जागीच थिजल्या. डिसेंबर २०२० मध्ये स्कॉटलंडच्या निसर्गरक्षण संस्थेनं जाहीर केलं, की इथं आता संरक्षण करण्याजोगं फारसं उरलेलं नाही, आणि तो भाग यादीतून वगळला. खेळ चांगला झाला म्हणून जागा वाया गेली नाही, असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे किनारा नियमन अधिसूचनेनुसार वाळूच्या टेकड्या सर्वांत संवेदनशील वर्गात, म्हणजे सीआरझेड १-अ मध्ये येतात. कोकणात किंवा गोव्यात आपल्या गावच्या किनाऱ्यावर गोल्फ कोर्स किंवा रिसॉर्टचा प्रस्ताव आला, तर जनसुनावणीला जरूर जा. रंगीत चित्रं बाजूला ठेवा आणि किती घनमीटर वाळू हलवणार, हा आकडा लेखी मागा.