हँडिकॅप ताजा कसा ठेवायचा?

गल्लीत क्रिकेट रंगात आलेलं असतं आणि कुणाचा तरी धाकटा भाऊ हट्टाला पेटतो, "मला पण घ्या!" मग आपण काय करतो? त्याला 'कच्चं लिंबू' ठरवतो. तो आउट झाला तरी आउट नाही! त्याचं समाधान होतं खरं. पण त्याच्या धावा मोजायच्या की नाही, यावरून जी भांडणं जुंपतात ती काही संपत नाहीत.

गोल्फवाल्यांनी या कच्च्या लिंबाचा चक्क हिशेबच मांडला आहे. त्याचं नाव हँडिकॅप. गोल्फमध्ये मैदानातल्या १८ खळग्यांत एकामागून एक चेंडू घालायचा असतो. त्यांना होल म्हणतात. कमी फटके ज्याचे, तो जिंकला. आता समजा, आजोबांना एका फेरीला ८० फटके लागतात आणि नातीला १००. सामना व्हायचा कसा? आजोबांना हँडिकॅपचे ८ फटके वजा मिळतात, नातीला ३०. आजोबांचे उरले ७२, नातीचे ७०. नात जिंकली! आणि लक्षात घ्या, आजोबांनी तिला मुद्दाम जिंकू दिलेलं नाही. असं दुसऱ्या कोणत्या खेळात होतं सांगा बरं?

पण हे ३० आले कुठून? ते कुणी मास्तर देत नाहीत. तुम्ही खेळलेल्या फेऱ्यांच्या कार्डांवरून ते निघतात. पूर्वी जगात हँडिकॅप काढायच्या सहा निरनिराळ्या पद्धती होत्या. २०२० पासून बहुतेक देशांनी एकच जागतिक पद्धत घेतली. भारतातही आता हीच पद्धत आहे. सुरुवातीला ५४ होलांची कार्डं द्यायची, म्हणजे पूर्ण फेऱ्या असतील तर फक्त तीन. पुढे तुमच्या शेवटच्या २० फेऱ्या बघतात, त्यांतल्या सर्वांत चांगल्या ८ निवडतात आणि त्यांची सरासरी काढतात. मैदान सोपं की अवघड, तेही हिशेबात धरलेलं असतं. जास्तीत जास्त हँडिकॅप ५४.

आता खरी अडचण. कार्डं द्यायची तर खेळायला हवं, आणि स्पर्धा वर्षातून असतात किती? मुलांच्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या! त्यात शाळा, परीक्षा, पाऊस. मग हँडिकॅप टिकवायचा कसा?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न फार जुना आहे. तिथल्या क्लबांत पुरुषांची फक्त स्पर्धेतलीच कार्डं धरायची, अशी रीत कित्येक वर्षं होती. बायकांनी मात्र जास्त शहाणपणा दाखवला. १८९३ साली 'लेडीज गोल्फ युनियन' स्थापन झाली. तिच्या पहिल्या मानद सचिव इसेट पियर्सन यांनी खटपट करून देशभर एकाच मापाने हँडिकॅप मोजायची पद्धत बसवली. पुरुषांना हे जमायला पुढे बरीच वर्षं लागली, बरं का! पुढे या युनियनच्या पद्धतीत स्पर्धेबाहेरच्या फेरीचं कार्डही देता येई. त्याला म्हणत 'एक्स्ट्रा डे स्कोअर'. बायकांच्या स्पर्धा बहुधा आठवड्याच्या मधल्या वारी असत. त्या दिवशी जिला नोकरी किंवा शाळा असेल तिची यामुळे सोय झाली.

२०२० च्या आधीची काही वर्षं तिथे आणखी एक नियम होता. वर्षभरात स्पर्धेची निदान तीन कार्डं दिली, तर हँडिकॅपपुढे 'सी' हे अक्षर लागे. अक्षर गेलं, की हँडिकॅप नावापुरता उरे आणि पुष्कळ स्पर्धांची दारं बंद होत. मग ज्यांना स्पर्धा मिळत नव्हत्या, त्यांना आधी कळवून साध्या फेरीचं कार्ड द्यायची मुभा मिळाली.

आजच्या पद्धतीत ती धास्ती नाही. क्लबचं सभासदत्व चालू आहे तोवर हँडिकॅप रद्द होत नाही, मग वर्षभर काठीला हात लावला नाही तरी चालेल! स्कॉटलंडमध्ये डिसेंबरात पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. अशा दिवसांत खेळणार कोण? तरी तुमचा आकडा जागच्या जागी असतो.

तुम्ही म्हणाल, मग काळजी कसली? मोठ्यांना फारशी नाहीच. पण मुलांना आहे. कारण मुलं वाढतात!

थोडं गणित करू. एक मुलगी वर्षाला फक्त पाच स्पर्धा खेळते आणि दुसरं एकही कार्ड देत नाही. २० कार्डं जमायला तिला चार वर्षं लागतील. म्हणजे ती १४ वर्षांची होईल तेव्हा यादीच्या तळाशी तिची १० वर्षांची असतानाची कार्डं असतील. सरासरीसाठी हवीत ८, आणि गेल्या वर्षातली आहेत ५. निदान ३ तरी जुनी धरावीच लागणार. या काळात तिची उंची वाढली, हातात जोर आला, चेंडू किती तरी लांब जाऊ लागला. पण आकडा मात्र अजून लहान मुलीचाच! ती स्पर्धेत उतरते, १५ फटक्यांनी जिंकते, आणि मागे कुजबुज सुरू होते, "हँडिकॅप लपवला असणार." तिने काहीही लपवलेलं नसतं. तरी बक्षीस घेताना मान खाली जायची ती जातेच.

उपाय काय? साध्या फेऱ्यांची कार्डं द्यायची. जागतिक पद्धतीत ती चालतात. मात्र फेरी नियमांप्रमाणे खेळलेली हवी आणि बरोबर निदान एक जण हवा. एकट्याने खेळून कार्ड भरलं तर ते धरत नाहीत. सोबतच्याने फटके तपासून कार्डावर सही करायची. आई किंवा बाबा गोल्फ खेळत असतील तर प्रश्नच मिटला. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये पहिला फटका मारायच्या आधीच सांगावं लागतं, "ही फेरी हँडिकॅपसाठी." कारण उघड आहे. खेळून झाल्यावर ठरवायची सोय असती, तर वाईट फेरीचं कार्ड कुणी दिलं असतं? अमेरिकेत असं आधी सांगावं लागत नाही. तिथे अशा सगळ्याच फेऱ्या नोंदवायच्या असतात, मग हसू येवो की रडू.

आणि १८ होल खेळायला वेळ नसेल, तर नऊ पुरतात! २०२४ पासून हे फारच सोपं झालं आहे. पूर्वी नऊ होलांचं कार्ड जोडीदाराची वाट बघत पडून राहायचं. आता तुमच्या हँडिकॅपवरून उरलेल्या नऊंचा अंदाज लगेच धरतात आणि फेरी पूर्ण मोजली जाते. शाळा सुटल्यावर दोन-सव्वादोन तासांत नऊ होल होतात. स्कॉटलंडमध्ये जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे तिथल्या मुलांची तर चंगळच! महिन्यातून दोनदा असं खेळलं, तर वर्षात २४ कार्डं होतात. सगळी वीसच्या वीस ताजी!

एखाद्या होलवर चेंडू तळ्यात गेला, पुन्हा गेला, ११ फटके झाले, तर? घाबरायचं कारण नाही. हँडिकॅपसाठी दर होलला कमाल मर्यादा असते. त्या होलचे ठरलेले फटके, म्हणजे पार, अधिक २, अधिक तिथे तुम्हाला मिळणारे सवलतीचे फटके. पार ४ आणि सवलत १ असेल, तर ११ चे ७ च धरतात. एका तळ्यापायी अख्खी फेरी वाया जात नाही.

फक्त वाईट फेऱ्यांची कार्डं देऊन सवलत फुगवणारे महाभागही असतात. उलट काही जण फक्त चांगलीच कार्डं देतात, लोकांत ऐट मिरवायला! दुसऱ्यांचा मला रागापेक्षा कीवच जास्त येते, कारण सामन्यात बिचारे रोज हरतात. पद्धतीतही थोडा बंदोबस्त आहे. नेहमीपेक्षा फारच चांगली फेरी झाली, तर हँडिकॅप एक किंवा दोनने जादा उतरवतात. आणि कितीही वाईट खेळलात, तरी वर्षभरातल्या सर्वांत कमी आकड्याच्या वर पाचपेक्षा जास्त चढू देत नाहीत.

पालकांनी एक गोष्ट मात्र बघावी. हँडिकॅप रद्द होत नसला, तरी एखाद्या स्पर्धेचे आयोजक वर्षभरातली ठरावीक कार्डं मागू शकतात. ती अट प्रवेशपत्रिकेतच असते. मे महिन्यात स्पर्धा असेल, तर पत्रिका मार्चमध्येच वाचलेली बरी. एप्रिलच्या सुट्टीत नऊ-नऊ होलांची चार-सहा कार्डं सहज भरून होतील.