हाका आणि साद

शिकारीत आवाजाचा उपयोग दोन प्रकारांनी होतो. एक हाका. ग्वाल्हेरकरांना हा शब्द समजावून सांगावा लागू नये. माधवराव महाराजांच्या काळात शिवपुरीच्या जंगलात वाघासाठी असेच रान उठविले जाई. गलबल्याला भिऊन जनावर पुढे येते. दुसरा प्रकार साद घालण्याचा. येथे पक्षी भीतीने येत नाही, तो उत्तर द्यावयास येतो. माझ्या मते अधिक विवेक हवा तो या दुसऱ्या प्रकारात.

फाशावरूनच ज्यांचे नाव पडले त्या फासेपारध्यांची रीत पाहावी. पाळीव तित्तराचा पिंजरा झुडपाआड ठेवून भोवती फासे मांडीत. पाळीव नर ओरडला की आपल्या हद्दीत हा परका कोण शिरला, या त्वेषाने रानातला नर धावून येई. तित्तराच्या विणीचा मुख्य हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. हद्दीची ईर्षा तेव्हाच प्रखर असते. म्हणजे साद सर्वांत फलदायी होते तेव्हाच ती सर्वांत घातकही ठरते. जोडीतला नर गेला की त्या हंगामाची वीण धोक्यात येते. पारध्यांनाही संयम ठाऊक होता. फाशात सापडलेली गाभण हरिणी आणि पाडस ते सोडून देत, असे माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी नोंदविले आहे.

अमेरिकेतील ‘सेज ग्राउझ’ या रानकोंबडीसारख्या पक्ष्याचे नर वसंतात ठरलेल्या माळावर जमतात, छातीवरच्या पिशव्या फुगवून नाचतात आणि मादी तेथे वर निवडते. जेथे शिकारीस परवानगी आहे तेथे ती शरदात. मीलनाची साद आणि बंदूक यांत असे ऋतूंचे अंतर राखलेले आहे.

आपला माळढोकही असाच माळावर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो. इकडे त्याला सोनचिरैया म्हणतात, आणि ‘हुकना’ही, हे दुसरे नाव त्याच्या आवाजावरून पडले. मादी बहुधा एकच अंडे घालते. घाटीगाव आणि करैरा येथे १९८१ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्ये झाली, तरी दोन्हीकडून तो नाहीसा झाला. त्याला कारणे अनेक. सारा दोष शिकाऱ्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फासे लावणे, आमिष दाखविणे व तसा प्रयत्न करणे यांनाही शिकारच म्हटले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचे दारही लावले. साद मात्र उरली आहे. कॅमेऱ्यापुढे पक्षी यावा म्हणून मोबाईलवर त्याच्याच जातीचा आवाज वाजविणारे हौशी लोक आता माळामाळांवर दिसतात. पिंजऱ्यातला तित्तर निदान थकत तरी असे. हे यंत्र थकत नाही. पक्षी पुनःपुन्हा धावतो, चारा टाकतो, अंडी उघडी पडतात. म्हणून विणीच्या दिवसांत, घरट्यापाशी आणि दुर्मीळ पक्ष्यासाठी आवाज मुळीच वाजवू नये. एरवीही एकदोनदाच वाजवावा आणि पक्ष्याने उत्तर देताच तो बंद करावा.