पिकदाणीला लाजायचं नाही

राळेगावात ‘वाइन’ म्हटलं तरी ऐकणाऱ्याला ‘दारू’च ऐकू येतं आणि विषय तिथेच संपतो. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा, तिथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही ती व्हावी म्हणून बायांनी मोर्चे काढले, ते काही उगाच नाही. त्यामुळे एकटी गाडी घेऊन नाशिकला वायनऱ्या पाहायला जाते म्हटल्यावर मावशी म्हणाली, ‘काय वं, पाहाले दुसरं काही भेटलं नाही का तुले?’

होतं ना. पण द्राक्षाची बाटली कशी होते, ते मला पाहायचं होतं.

माझी बाइकवर जायची फार इच्छा होती, पण समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही. मग घरची जुनी कार काढली. पहिला दिवस नुसता ड्रायव्हिंगचा, रात्री नाशिकात मुक्काम. वायनऱ्यांसाठी दुसरा दिवस अख्खा मोकळा ठेवला. एका दिवसात पाच वायनऱ्या ‘करणारे’ ग्रुप भेटतात. तिसऱ्या ठिकाणी त्यांना काय आठवत असेल, देव जाणे. मी दोनच ठरवल्या, दोन्ही गंगापूर धरणाच्या बाजूच्या.

हा सगळा भाग बदलला तो सुलामुळे. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतले, 1997 च्या सुमारास इथे वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आली. आईचं नाव सुलभा, त्यावरून ‘सुला’. त्यांच्याच शेजारी धरणाच्या पाण्याकडे तोंड करून यॉर्क आहे. तिकडे गर्दी कमी, निवांत बसता येतं. एकट्या मुलीकडे कुणी वळून पाहत नाही, हे मला सगळ्यात भारी वाटलं.

जायचं तर जानेवारी ते मार्च. तेव्हा तोडणी चालू असते. वाइनची द्राक्षं आपण खातो तसली नसतात. बारीक, बियांची, जाड सालीची. पांढऱ्या वाइनसाठी आधी रस काढतात आणि मग तो स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून आंबवतात. रेड वाइन सालीसकट आंबते, रंग येतो तो सालीतून. टाक्यांच्या खोलीत शिरलं की आंबलेल्या पिठासारखा वास येतो. माझ्या शेजारच्या काकूंनी नाकाला पदर लावला, मला मात्र इडलीचं पीठ आठवलं.

आता टेस्टिंग. पाच-सहा प्रकार, प्रत्येकाचे दोन-तीन घोट. ‘एवढंसं तर असतं’ असं सगळेच म्हणतात. हिशोब करा. 30 मिलीचे पाच ग्लास म्हणजे 150 मिली, म्हणजे एक भरलेला ग्लास. तेवढीच दुसऱ्या वायनरीत. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम अल्कोहोल. पहिल्यांदा सापडलात तरी 10 हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि एकट्या प्रवासात ‘तू चालव’ म्हणायला शेजारी कुणी नसतं. म्हणून टेबलावर जी पिकदाणी असते ना, ती वापरायची. घोट तोंडात फिरवायचा, चव घ्यायची, थुंकायचं. वाइन बनवणारे स्वतः तेच करतात. त्यातूनही मी हॉटेल ते वायनरी रिक्षाच केली. बरं, वाइन चाखायलाही वयाची 21 पूर्ण लागतात.

बाटली मात्र घेतली नाही. समृद्धीने यायचं तर धामणगाव रेल्वेला उतरून बाभूळगाव, कळंब करत घरी पोचता येतं. पण चुकून एक फाटा पुढे गेलं की वर्धा जिल्हा. नाशिकला जी बाटली गिफ्ट, तीच तिथे गुन्हा. डिकीत दोन किलो मनुके टाकले आणि विषय संपवला.

दुपारी एका बागेच्या बांधावर थांबले. आमचा कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईची 170 किलोची गाठ बांधली जाते आणि ती ट्रकमध्ये बसून निघून जाते. पुढचा शर्ट कुठे शिवला, आम्हाला पत्ता नसतो. इथे पीक, कारखाना आणि गिऱ्हाईक एकाच रस्त्यावर. मला हेवा वाटला. ड्रिपचे पाइप जोडत बसलेल्या काकांना तसं बोललेही.

ते हसले. म्हणाले, ‘2008 नंतर यायला पाहिजे होतं तुम्ही.’ सरकारने 2001 मध्ये वाइनसाठी धोरण आणलं, लोकांनी उत्साहाने वेली लावल्या आणि मग मंदी आली. माल घ्यायला कुणी नाही. ही द्राक्षं खायच्या बाजारातही चालत नाहीत. कित्येकांनी बागा उपटल्या. आता काका कंपनीशी लेखी करार असेल तरच लावतात, आणि अर्धी बाग खायच्या द्राक्षांची ठेवतात.

मग त्यांनीच विचारलं, ‘तुमच्याकडे कापसाला काय भाव चाललाय?’

मी सांगितला. ‘हं’ म्हणाले आणि पुढचा पाइप हातात घेतला.