स्प्रिंटमध्ये न मावणारे काम

केन श्वेबर आणि जेफ सदरलंड यांनी 1995 साली ज्या स्क्रम पद्धतीचे विवेचन जाहीरपणे मांडले, तिच्या अधिकृत मार्गदर्शिकेत स्प्रिंटची, म्हणजे कामाच्या एका ठरावीक आवर्तनाची, मुदत एक महिना किंवा त्याहून कमी अशी मुक्रर केलेली आहे. परंतु ज्या एपिकच्या नोंदींनी आज सॉफ्टवेअर कंपन्यांची दफ्तरे भरलेली असतात, त्याचा साधा उल्लेखही तीत आढळत नाही. एका स्प्रिंटमध्ये न मावणारे, म्हणून अनेक स्टोऱ्यांत, म्हणजे वापरकर्त्याच्या गरजेनुसार आखलेल्या छोट्या कामांत, विभागावे लागणारे काम ते एपिक, हा संकेत व्यवहारातूनच रूढ झाला.

खरे कौशल्य विभागणीत आहे. मोबाइलवरून वीजबिल भरण्याची सोय हे एपिक मानले, तर पहिल्या स्प्रिंटमध्ये डेटाबेस, दुसऱ्यात सर्व्हर आणि तिसऱ्यात स्क्रीन अशी वाटणी कागदावर कितीही शिस्तशीर दिसली, तरी तिसरा स्प्रिंट संपेपर्यंत ग्राहकाच्या हाती काहीच पडत नाही. उलट, ग्राहक क्रमांक टाकावा, देय रक्कम दिसावी, ती केवळ यूपीआयने भरता यावी आणि पावती मिळावी, एवढाच अरुंद परंतु सलग भाग आधी पूर्ण केला, तर कार्डाची व स्मरणसूचनांची तजवीज पुढील स्प्रिंटांत, आलेल्या अनुभवानुसार, करता येते. (फसलेल्या व्यवहाराचा परतावा मात्र फार लांबणीवर टाकू नये, तक्रारी तेथूनच सुरू होतात.)

एपिक केव्हा बंद करावे, हे आरंभीच लिहून ठेवलेले नसेल, तर ‘किरकोळ सुधारणा’ या सबबीखाली त्याला नव्या स्टोऱ्या चिकटत राहतात आणि मूळ काम कधीच संपूनही ते दफ्तरी खुलेच राहते.