घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

श्वासाची वाट नाकात हाडांनी उघडी धरलेली असते आणि खाली श्वासनलिकेत कूर्चेच्या कड्यांनी. मधला, टाळूच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा तुकडा मात्र नुसता मऊ मांसाचा. तो लवचीक आहे म्हणून घास गिळता येतो, बोलता येतं. जागेपणी तिथले स्नायू आपल्या नकळत ती वाट उघडी ठेवतात. झोप लागली की सैलावतात. बहुतेकांच्या घशात तरीही हवेपुरती जागा उरते. घसा मुळात अरुंद असेल, जबडा मागे असेल किंवा मानेत चरबी साठली असेल, तर वाट मिटते. घोरणं एकदम बंद पडतं आणि शेजारी जागी असलेली बायको ते पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत राहते.

हाच स्लीप ॲप्निया. छाती हवा ओढत असते, हवा येत नसते. रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. मेंदूला याची खबर लागते आणि तो झोपलेल्याला क्षणभर जागं करतो, सकाळी आठवणारही नाही इतकंच. स्नायू ताठ होतात, मोठा आवाज होऊन श्वास सुटतो. असं निदान दहा सेकंदांचं श्वास अडखळणं तासाला 30 किंवा जास्त वेळा झालं, तर आजार तीव्र समजतात. म्हणजे एका रात्रीत दोनशेच्या वर सुटका! आपल्याकडे मात्र अशा माणसाला ‘काय गाढ झोपतो’ म्हणतात.

मला थक्क करते ती ही सुटकाच. जीव तीच वाचवते आणि शरीर झिजवतेही तीच. दर वेळी धोक्याची संप्रेरकं रक्तात उतरतात, रक्तदाब उसळतो. रात्री रक्तदाब उतरून हृदयाला जो विसावा मिळायचा, तो मिळत नाही. पुढे दिवसाचा रक्तदाबही चढतो, कधी तीन-तीन औषधांना दाद देत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, मधुमेह यांचा धोका वाढलेला दिसतो. दिवसा गाडी चालवताना डोळा लागतो तो वेगळाच.

रात्री वारंवार लघवीला उठावं लागतं, याचा दोष बहुतेकजण प्रोस्टेटला किंवा वयाला देतात. पण बंद घशाविरुद्ध छाती हवा ओढते तेव्हा हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. रक्त फार झालं असं समजून हृदय एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकू लागतात. घशातली अडचण अशी मूत्राशयापर्यंत पोहोचते!

अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयक्रिया अचानक बंद पडून गेलेल्या 112 जणांच्या मृत्यूच्या वेळा तपासल्या. या सगळ्यांच्या झोपेची तपासणी आधी झालेली होती. एरवी असे मृत्यू सकाळी सहानंतर जास्त होतात. ॲप्निया असलेल्यांपैकी मात्र जवळपास निम्मे मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळात गेले होते. इतरांना जी वेळ सर्वांत सुरक्षित, तीच यांच्यासाठी घातकी ठरली.

1980 पर्यंत तीव्र रुग्णांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवत. त्या वर्षी सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी नाकावाटे हवेचा हलका, अखंड दाब दिला आणि घसा मिटेनासा झाला. हेच आजचं सीपॅप यंत्र. ते सगळं भरून काढतं असं नाही: 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, आधीच हृदयरोग किंवा पक्षाघात असलेल्यांमध्ये यंत्रामुळे पुढचे झटके कमी झाले नाहीत. दिवसाची झोपाळू अवस्था मात्र कमी झाली. पण त्या चाचणीतले रुग्ण यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही लावत नव्हते. स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते आणि घशाचे स्नायू तेव्हाच सर्वांत ढिले असतात. मध्यरात्री कंटाळून मास्क काढून ठेवणारा नेमके तेच तास उघडे सोडतो.