माशीच्या नावाखाली मासा

१९९१च्या मे महिन्यात अमेरिकेच्या टपाल खात्याने एका पुस्तिकेत २९ सेंटांची पाच तिकिटं काढली. विषय होता मासेमारीतल्या ‘फ्लाय’, म्हणजे गळाच्या दांड्यावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेली खोटी आमिषं. त्यात सामन माशासाठीची, सरदारी थाटाची ‘जॉक स्कॉट’ होती, ट्राउटसाठीची ‘रॉयल वुल्फ’ होती. आणि एक होती ‘लेफ्टीज डिसीव्हर’, लेफ्टीची फसवी. तिला फ्लाय म्हणायचं ते केवळ रिवाज म्हणून. पंख नाहीत, पाय नाहीत, घोंघावणारं काही नाही. तो सरळ सरळ एक लांबट मासा आहे. मराठीत माशी आणि मासा हे शब्द शेजारी शेजारी नांदतात, पण या फ्लायमध्ये एकाने दुसऱ्याचं घरच बळकावलं आहे.

नावाचं मूळ जुनं. साधारण इसवी सन २००च्या सुमारास रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातल्या नदीवरच्या कोळ्यांची हकीगत लिहून ठेवली आहे. तिथले मासे पाण्यावर बसणारा एक किडा खात. खरा किडा गळाला टोचला की चुरगळून जाई, म्हणून ते लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसं बांधत. पुढे युरोपातल्या नद्यांवर या विद्येचं शास्त्र झालं, शौक झाला, थोडीफार अंधश्रद्धाही झाली. विसाव्या शतकात अमेरिकन लोक फ्लायची काठी घेऊन समुद्रावर आले तेव्हा त्यांना कळलं की इथे किड्यांना कोणी विचारत नाही. समुद्रातले शिकारी लहान मासे खातात, कोळंबी खातात आणि माकूल खातात. खाद्य बदललं, ‘फ्लाय’ हे नाव मात्र चिकटून राहिलं.

आपल्याकडे कोकणात गरवायला बसलेला माणूस दोरीला शिसं बांधतो आणि भिरकावतो. शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरीला मागून ओढून नेतं. फ्लायच्या काठीत हे उलटं असतं. तिथे वजन दोरीतच असतं. जाड, मऊ दोरी हवेत मागे-पुढे झुलवत, तिची लाट उलगडत न्यायची आणि शेवटी टोकाला बांधलेली फ्लाय तिच्यामागून फरफटत जाते. म्हणजे फ्लाय हलकी हवी, वाऱ्याला आडवी येता कामा नये आणि पाणी पिऊन ओल्या पोतेऱ्यासारखी जड होता कामा नये. इकडे समुद्रातला दहा-पंधरा किलोचा मासा म्हणतो, घास वीतभर तरी द्या. या दोन मागण्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या आहेत. खाऱ्या पाण्यातली नावाजलेली जवळजवळ प्रत्येक फ्लाय या भांडणातून निघाली आहे. त्यांच्या जन्मकथा वाचताना एक गोष्ट लक्षात येते: सौंदर्याच्या ध्यासापोटी जन्मलेली फारशी सापडत नाही. मुळाशी एखादी चिडचिडी तक्रार असते.

लेफ्टीची तक्रार गुंत्याची होती. बर्नार्ड ऊर्फ लेफ्टी क्रे १९२५ साली मेरीलँडमधल्या फ्रेडरिक गावात जन्मला. वडील लहानपणीच गेले. घरची ओढगस्त, म्हणून पोरवयात नदीतले कॅटफिश पकडून विकायचा. दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत होता. परत आल्यावर फोर्ट डेट्रिकच्या जैविक अस्त्रांच्या केंद्रात कामाला लागला आणि तिथे त्याला अँथ्रॅक्सचा संसर्ग झाला. तो वाचला. त्याच्या शरीरातून मिळालेल्या जंतूच्या वाणाला शास्त्रज्ञांनी त्याचीच आद्याक्षरं दिली, बीव्हीके-१. टपाल तिकिटावर आणि जंतूवर, दोन्हीकडे नाव असलेला मासेमार दुसरा नसावा.

१९४७मध्ये जो ब्रुक्स या लेखकामुळे तो फ्लायकडे वळला. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला चेसापीक उपसागरात स्ट्राइप्ड बास धरताना त्याला एकच गोष्ट छळत होती. फ्लायची लांब पिसं फेकीच्या वेळी उलटून गळाच्या वाकाला गुंडाळली जात. असा मोडका, फिरक्या घेत येणारा घास कोणताही शहाणा मासा घेत नाही. क्रेने पिसांची जागा बदलली. नेढ्याजवळ बांधायची सोडून ती दांड्याच्या मागच्या टोकाला, वाकाशी बांधली. पुढे नेढ्यापाशी हरणाच्या शेपटीच्या केसांची झालर लावली. एवढंच. पण एवढ्यानेच ती वाऱ्यात सरळ जाऊ लागली, पाण्यातून उचलताना सगळं पाणी झटकू लागली आणि आत पडली की मासा दिसू लागली.

ती बांधताना जवळून पाहावी. व्हाइस म्हणजे टेबलाला कसून बसवलेला छोटा शिकंजा. त्याच्या जबड्यात गळ आडवा धरलेला असतो, टोक खाली, नेढं उजवीकडे. दोरा नेढ्याजवळून सुरू करून वेढ्याला वेढा लावत वाकापर्यंत न्यायचा. उघड्या पोलादावर काही टिकत नाही, दोऱ्यावर दोरा टिकतो. मग कोंबड्याच्या पाठीवरची सहा-आठ लांब पिसं घ्यायची आणि त्यांच्या दोन जुड्या करायच्या. पिसाला नैसर्गिक बाक असतो. दोन्ही जुड्यांचे बाक आतल्या बाजूला, एकमेकांकडे तोंड करून ठेवले की नमस्कारात जोडलेल्या हातांसारखी एक निमुळती शेपटी होते. बाजूने चमकत्या प्लॅस्टिकच्या चार-दोन तारा, दांड्यावर चंदेरी पट्टी. शेवटी ती झालर.

खरी गंमत झालरीत आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे केस बुडाकडे पोकळ असतात. दोरा आवळला की ते फुलतात, कुंच्यासारखे चारी बाजूंना उभे राहतात. शेपटीच्या टोकाकडचे केस तेवढे पोकळ नसतात, ते गुमान पडून राहतात. कुठल्या जागचा केस घ्यायचा हे हाताला कळावं लागतं. झालर वाकाच्या पलीकडे जाईल इतकी लांब हवी, कारण मागच्या पिसांना गळाशी गुंतण्यापासून तीच अडवते. नवशिका हमखास केस जास्त घेतो. कोरडी फ्लाय त्याला विरळ, गरीब वाटते. मग तो अजून एक चिमूट घालतो, आणि पाण्यात त्याची फ्लाय झाडूसारखी तरंगते. जुने हात काडेपेटीच्या काडीएवढीच जुडी घेतात. रंग वर गडद, खाली पांढरा, कारण माशाची पाठ गडद असते आणि पोट उजळ. वरून बघणाऱ्याला पाठ खोल पाण्यात मिसळते, खालून बघणाऱ्याला पोट आभाळात.

क्रेने तिला ठरावीक कृती कधी मानलं नाही. त्याच्या लेखी तो एक घाट होता. लांबी, रंग, जाडी ज्याची त्याने ठरवावी. २०१८च्या मार्चमध्ये, ९३व्या वर्षी तो गेला तोवर तिच्या इतक्या लेकी-नाती झाल्या होत्या की वंशावळ मांडणं अवघड.

दुसरी तक्रार नदीवरची. पेनसिल्व्हेनियातलं मिडलटाउन हे सस्क्वेहॅना नदीकाठचं गाव. १९७९च्या अणुभट्टी अपघातामुळे जगाला माहीत झालेलं थ्री माइल आयलंड तिथून हाकेच्या अंतरावर. त्या गावात फ्लायचं दुकान चालवणाऱ्या बॉब क्लाउझरला गोड्या पाण्यातल्या बाससाठी अशी फ्लाय हवी होती जी ओढ थांबताच लहान माशासारखी तळाकडे झेपावेल. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्याच्या हाती शिशाचे डोळे आले, दोन गोळे आणि मध्ये कंबर, हुबेहूब चिमुकलं डमरू. ते त्याने दांड्याच्या वरच्या अंगाला बांधलं. वजन वर आल्यामुळे पाण्यात गळ उलटा झाला, टोक आभाळाकडे. आता तो तळाच्या दगडांत अडकेना. ओढ दिली की वर येई, सैल सोडली की नाकावर खाली. क्रेने तिचं बारसं ‘क्लाउझर डीप मिनो’ असं केलं आणि आपण ऐंशीहून अधिक जातींचे मासे तिच्यावर धरल्याचं तो सांगत असे. हिरवट पिवळ्यावर पांढरी अशी तिची जोडी आज जगातल्या कुठल्याही किनाऱ्यावर फ्लायच्या डबीत सापडेल. शिसं बांधलं म्हणजे ती फ्लाय उरली का, यावर सोवळ्या मंडळींनी नाकं मुरडली. माशांनी काही मुरडली नाहीत.

तिसरी तक्रार दातांची, आणि ती न्यू जर्सीची. एडिसनच्या मराठी घरांपासून मोटारीने तासा-सव्वातासावर सीसाइड पार्कचा किनारा आहे. शनिवारी-रविवारी तिथे भेळेचे डबे घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना बहुधा कल्पना नसेल, पण फ्लाय बांधणाऱ्यांसाठी हे तीर्थक्षेत्र आहे. व्हिएतनाममधून परतलेला आणि पुढे रेस्टॉरंट चालवणारा बॉब पोपोविक्स इथेच मासे धरायचा. ब्लूफिश नावाचा मासा कात्रीसारख्या दातांनी त्याच्या केसांच्या फ्लाय एका चाव्यात भादरून टाकी. रात्रभर बसून बांधलेला ऐवज सकाळी एका माशात संपे. पोपोविक्सने केसांवर पारदर्शक इपॉक्सीचा थर चढवला, आत डोळे चिकटवले, आणि ‘सर्फ कँडी’ झाली. दात घसरू लागले. शिवाय नकळत एक दुसरीच गोष्ट साधली. तिथला सिल्व्हरसाइड नावाचा बोटभर मासा अर्धपारदर्शक असतो आणि त्याच्या कुशीवरून एक रुपेरी रेघ जाते. इपॉक्सीतून आतले केस आणि चमक दिसली की तोच सिल्व्हरसाइड. इपॉक्सी घट्ट होईपर्यंत फ्लाय सतत फिरवावी लागे, नाहीतर थर एका बाजूला ओघळे, आणि कालांतराने तो पिवळाही पडे. आता अतिनील प्रकाशाच्या छोट्या बॅटरीखाली काही सेकंदांत रेझिन सुकतं.

मोठ्या घासाचा प्रश्न त्याने पुढे हवेने सोडवला. मेनहेडन हा आपल्या तारलीच्या नात्यातला मासा वीत-दीड वीत वाढतो. तेवढी फ्लाय केसांनी भरली तर फेकताच येणार नाही. पोपोविक्सने हरणाचे केस उलटे, टोकं नेढ्याच्या पुढे जातील असे बांधले आणि मग मागे दुमडून दोऱ्याचा बांध घातला. केस शंकूसारखे फुलून राहिले, आत पोकळी. बाहेरून भरलेला मासा, आतून रिकामा. असे शंकू एकामागे एक लावत त्याने फूटभराच्या वर लांबीच्या फ्लाय बांधल्या, त्यांचं नाव ‘बीस्ट’.

आणि मग माकूल. कुणी म्हाकूल म्हणतं, हॉटेलच्या कार्डावर कॅलामारी असतं. मासा बांधायचा नियम इथे पार उलटतो, कारण माकूल मागे पोहतं. आवरणात पाणी भरून घेतं, नळीतून जोरात सोडतं आणि शेपटीकडचं टोक पुढे करून बाणासारखं सुटतं. डोळे आणि आठ बाहू, दोन लांब सोंडा मागून लोंबत येतात. म्हणून माकुलाच्या फ्लायमध्ये डोळे नेढ्याजवळ न बसवता गळाच्या वाकाशी बसवतात, पिसांच्या सोंडा त्याच्याही मागे आणि निमुळतं अंग पुढे. डॅन ब्लँटनने साठच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासाठी केलेल्या ‘सी ॲरो स्क्विड’मध्ये हेच आहे: पांढऱ्या शेनीलच्या दोऱ्याचं अंग आणि मागच्या बाजूला मोठे डोळे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती फ्लाय उलटी बांधल्यासारखी वाटते.

अटलांटिकच्या बाजूला मे महिन्यात नँटुकेटच्या आखातात आणि ऱ्होड आयलंडच्या बंदरांत लांबपरी माकुलं अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. त्यांचं सारं आयुष्य वर्षभराचंही नसतं. त्यांच्या मागे स्ट्राइप्ड बास येतात. रात्री धक्क्यावरच्या दिव्याखाली प्रकाशाच्या कडेला माकुलं अधांतरी थांबलेली दिसतात, जणू काचेची. क्षणात तपकिरी ठिपके उमटतात, पुढच्या क्षणी अंग कोरं. कातडीतल्या रंगाच्या सूक्ष्म पिशव्या स्नायूंनी ताणल्या की रंग पसरतो, सोडल्या की टिंब होतो. हे कोणत्याही दोऱ्याने साधत नाही. बांधणारे ते सोडूनच देतात. पांढरा, फिका गुलाबी किंवा मातकट असा एकच रंग घेतात आणि सगळा भर हालचालीवर देतात. पिसं मऊ, लांब, अंग कातरलेल्या लोकरीचं, आणि फेकल्यावर दोरी न ओढता थांबायचं. थांबलेली फ्लायसुद्धा श्वास घेतल्यासारखी हलली पाहिजे. मग एक झटका.

खऱ्या माकुलात हा झटका ज्या नसेतून येतो तिची कहाणी वेगळीच. सगळं आवरण एकदम आवळायचं म्हणून माकुलात मिलिमीटरभर जाडीचा मज्जातंतू असतो, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. १९३६मध्ये जे. झेड. यंगने तो शास्त्रज्ञांच्या नजरेस आणला. नँटुकेटपासून जवळच वुड्स होलच्या प्रयोगशाळेत बंदरातल्या याच माकुलांवर, आणि इंग्लंडमध्ये प्लिमथला तिथल्या जातीवर, मज्जातंतूतला विद्युत्‌संदेश कसा धावतो हे मोजलं गेलं. हॉजकिन आणि हक्सली यांना १९६३चं नोबेल मिळालं ते या कामासाठी.

कच्च्या मालाची चिंता फ्लाय बांधणाऱ्यांना सहसा नसते. हरणाची शेपटी, कोंबड्याची पिसं, एवढ्यावर भागतं. पण २०११मध्ये अमेरिकेत केसांत लांब पिसं माळायची फॅशन आली आणि सलूनवाल्यांनी दुकानांतली पिसं उचलली. कैक पिढ्यांच्या निवडीतून खास फ्लायसाठी पैदास केलेल्या कोंबड्यांची पिसं मुलींच्या वेण्यांत गेली. किमती कैक पटींनी चढल्या. पिसं मिळेनाशी झाल्यावर वैतागलेल्या दुकानदारांना गिऱ्हाईक आधी मासे धरतं का, हे विचारायची पाळी आली.

मासे मात्र कमी आहेत. स्ट्राइप्ड बास इतका घटला होता की मेरीलँडने १९८५ ते १९९० त्याची मासेमारी बंद ठेवली. पुढे तो सावरला, मग पुन्हा घसरला. आता अटलांटिकच्या खुल्या किनाऱ्यावर २८ ते ३१ इंचांच्या दरम्यानचा, तोही दिवसाला एकच मासा घरी नेता येतो. बाकी सगळे परत पाण्यात. म्हणून बरेच बांधणारे गळ व्हाइसमध्ये अडकवल्यावर, दोऱ्याचा पहिला वेढा घालायच्या आधी, पक्कड घेऊन त्याचा उलटा काटा दाबून सपाट करतात.