बारानी सोसायटी

अंतर्कर्णातील संतुलनयंत्रणेच्या संशोधनास वाहिलेली आंतरराष्ट्रीय संस्था. रॉबर्ट बारानी (१८७६–१९३६) यांच्या स्मरणार्थ ती १९६० मध्ये स्थापन झाली. तिच्या परिषदा साधारणतः दर दोन वर्षांनी भरतात.

शरीराहून थंड वा उष्ण पाणी कानात सोडल्यास अर्धवर्तुळाकृती नलिकांतील द्रवात अभिसरण होऊन भोवळ येते व डोळे लयबद्ध हलतात, असे बारानी यांनी प्रतिपादिले. संतुलनयंत्रणेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि, १९८३ मध्ये अवकाशयानात, वजनरहित अवस्थेतही, ही नेत्रहालचाल आढळली. त्यामुळे केवळ अभिसरणाची उपपत्ती अपुरी ठरली.

‘चक्कर’ या शब्दाने रुग्ण भिन्न लक्षणे सांगतात व निदान चुकते. म्हणून संस्थेने २००९ मध्ये लक्षणांच्या प्रमाणित व्याख्या प्रसिद्ध केल्या.